मिठाचा खडा

खांबेटेबाईंचा दवाखाना कोपरखैरण्यात,
झेरॉक्सच्या दुकानावर, जिना अरुंद.
भिंतीवर जडीबुटीचं चित्र नाही,
एक कॅलेंडर, तेही पतपेढीचं.
त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली
आणि विचारलं, रात्री तीनला जाग येते?

येते, म्हटलं. भुकेनेच येते.
अठ्ठावीस वर्षं पावण्याला तिसरी पाळी केली.
तीनच्या ठोक्याला कॅन्टीनची खिडकी उघडायची,
कांदाभजी, दुधाळ चहा, वर एक केळं.
कंपनी बंद पडून सहा वर्षं झाली,
पोटाला कुणी नोटीस दिली नाही.

बाई लिहीत गेल्या.
केळं आणि दूध नको. मध तापवायचा नाही.
रात्री दही नाही. मासळीवर दूध तर नाहीच नाही.
दूध आणि मीठ, तेही एकत्र नको.

मी रिअ‍ॅक्टरवर होतो, मला हे कळतं.
आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही,
आणि तेही बारीक धारेने, ढवळणी चालू ठेवून,
काट्यावरचा डोळा न हलवता.
घाईने ओतणारा एक हेल्पर होता, शिवमूर्ती.
त्याच्या मनगटावर अजून खाडीचा नकाशा आहे.

पण दूध आणि मीठ म्हटल्यावर मला हसू आलं.
बाईंचं पेन थांबलं.

आमचं घर संगमनेरकडचं. बारा गाई,
पहाटे डेअरीच्या केटल्यांचा खणखणाट.
आणि हिचे वडील घणसोलीचे आगरी,
खाडीच्या कडेला त्यांचे मिठाचे वाफे.
त्यांच्याच माडीवर भाड्याने राहिलो नव्वद साली.
ही पायरीवर बसून निवट्या साफ करायची,
मी दुधाची पिशवी घेऊन, नाक दाबून, वर जायचो.
काही महिने दाबलं. मग सोडून दिलं.

लग्नात माझा चुलता पानावर बसला, जेवला नाही.
एवढंच म्हणाला, दुधात मिठाचा खडा.
हिने पदर खोचला
आणि त्याच्या पानात, डावीकडे,
आधी मीठ वाढलं.

बाई म्हणाल्या, सवयीचं झालं की विरुद्धही पचतं कधीकधी,
त्याला सात्म्य म्हणतात.
पण सोडायचं तर एकदम सोडू नका,
आधी पाव हिस्सा, मग अर्धा.
एकदम सोडलेलंही बाधतं.
शेवटच्या ओळीत लिहिलं:
जेवणाआधी आल्याचं काप, सैंधव लावून.

घरी हिने चिठ्ठी वाचली. बाकी सगळं मान्य,
सैंधवावर अडली.
‘आमचे मिठाला काय झायलाय?’

त्या मिठाच्या जागी आता बावीस मजले आहेत, तळाला जिम.
वडिलांचा वाफा कुठला ते ही बोटाने दाखवते,
दर वेळी बोट जरा सरकतं.
शेवटच्या हंगामाचं मीठ मात्र माळ्यावर आहे,
चिनीमातीच्या बरणीत, राखाडी,
दगड होऊन बसलेलं.

काल तीनला जाग आली. तिलाही आली.
इतकी वर्षं मी पाळीवर असताना
ती याच वेळी उठून काय खात होती,
मी कधी विचारलं नव्हतं.
विचारलं.
‘काय नय,’ म्हणाली. ‘घोटभर दूध.’
मग बऱ्याच वेळाने,
‘मीठ टाकून. बिनमिठाचा उतरं नय.’

मी काही बोललो नाही.
तिने बरणी काढली, बत्त्याने खडा फोडला,
आल्याच्या कापावर चोळला.
अर्धं मला, अर्धं तिला.
जीभ झणझणली, आणि खाली कुठेतरी
काही पेटलं, किंवा विझलं,
अजून नीट ओळखता येत नाही.

चिठ्ठी फ्रिजवर लावली आहे.
आजपासून पाव हिस्सा सोडायचा आहे.
कशातला,
ते आमचं अजून ठरत नाही.